झेनच्या पुढच्या ब्रेकमधलं तुटकं निपल: प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

मामांची २००२ ची मारुती झेन या पावसाळ्यात माझ्याकडे आली. त्यांचे डोळे आता साथ देत नाहीत म्हणून त्यांनी चालवणं बंद केलं, आणि गाडी भंगारात जाऊ नये एवढीच त्यांची इच्छा. इंजिन एकदम मस्त आहे, पत्रा बराच बरा आहे, पण गाडी आयुष्यभर रत्नागिरीत, घरासमोर उघड्यावर. इथला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि उरलेले आठ महिने खारं वारं, म्हणजे खालच्या बाजूला काय असणार ते माहीतच होतं. डिसेंबरात आंबा घाटातून कोल्हापूरला जायचंय, त्याआधी ब्रेक पूर्ण उघडून बघायचे असं ठरवलं होतं.

टाकीतलं ब्रेक ऑइल बघितलं तर कोऱ्या चहासारखं काळं. पॅडल जरा मऊ लागतं, दोनदा दाबलं की वर येतं, म्हणजे आत हवा आहे. म्हटलं ऑइल बदलू, हवा काढू, झालं. उजवं चाक काढलं, निपलवर (हवा आणि जुनं ऑइल बाहेर काढायचा पोकळ स्क्रू) रबरी टोपी जागेवर. डावं काढलं तर निपलच्या जागी राखाडी गोळा! वाटलं चिखल असेल, स्क्रू ड्रायव्हरने खरवडला तर एम-सील निघालं. खाली निपल कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) अंगाबरोबर तुटलेलं. म्हणजे आधी कुठल्यातरी गॅरेजात ते तुटलं, त्यांनी वरून एम-सील थापलं, गाडी धुवून मामांच्या ताब्यात दिली आणि मामांना काही सांगितलंच नाही. बँजो बोल्टच्या (ऑइलचा पाइप कॅलिपरला जोडणारा बोल्ट) षटकोनावर ताज्या पान्याच्या खुणा आहेत, म्हणजे तिथून बोल्ट सैल करून हवा काढली असणार. ती अर्धीच निघते, कारण निपल कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या टोकाला दिलेलं असतं आणि हवा तिथेच जाऊन बसते. मला याचा खरंच राग आला. सत्तरी उलटलेला माणूस घाट उतरतोय आणि डाव्या ब्रेकात हवा.

निपल आत कसं असतं ते इथे लिहून ठेवतो कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तो साधा स्क्रू नाही. मधून पोकळ असतो, पण भोक आरपार नसतं, टोकाच्या थोडं अलीकडे थांबतं आणि तिथे बाजूने आडवं भोक असतं. टोक भरीव आणि शंकूसारखं, ते कॅलिपरच्या आतल्या सीटवर जाऊन घट्ट बसतं. ऑइल अडवतो तो हा शंकू. आटे काही अडवत नाहीत, ते फक्त शंकूला दाबून धरतात. जोरात ब्रेक मारला की लाइनमध्ये ७०-८० बार दाब सहज येतो, टायरमध्ये असतो दोन बार, आणि तो सगळा दाब त्या एवढ्याशा रिंगभर जागेवर. त्यामुळे आटे बिघडले तर विचार करता येईल, सीटला ओरखडा गेला तर कॅलिपर भंगारात. हे आज ठरवून टाकलं म्हणजे ऐन वेळी मोह नको.

पार्टवाल्याला फोन केला, कॅलिपर मागवून देतो म्हणाला, आठवडाभर लागेल. म्हटलं थांब, आधी हे निघतंय का बघतो.

१० नोव्हेंबर, रविवार

कॅलिपर काढून टेबलावर आणला. गाडीवर ठेवूनच तुटकं निपल काढायचा प्रयत्न करणारे बरेच असतात, मला ते पटत नाही. वाकून, तिरका हात करून, वर चाकाच्या कमानीचा पत्रा, ड्रिल सरळ धरणार कसं? शिवाय आत ऑइल आणि सील असताना आच देता येत नाही.

मागच्या चाकांना दगड, पुढे जॅक आणि जॅकच्या जोडीला स्टँड, नुसत्या जॅकवर गाडीच्या जवळ हातही घालायचा नाही. माझ्याकडे कॉम्प्रेसर नाही, म्हणून पिस्टन पॅडलनेच बाहेर आणला: पॅड काढले, कॅलिपर तारेने लटकवला, मध्ये लाकडाची फळी, आणि मुलीला हळूहळू पॅडल दाबायला सांगितलं. उजवीकडे सगळं जागेवर असल्यामुळे फक्त हाच पिस्टन सरकतो. फळीला टेकला की थांबायचं, थोडी पातळ फळी घालायची, परत. जवळजवळ पूर्ण आल्यावर बँजो बोल्ट काढला, बाकीचा हाताने.

बोल्ट काढायच्या आधी पॅडल इंचभर दाबून त्या जागी काठीने अडवून ठेवलं. तेवढ्याने मास्टर सिलेंडरमधलं (पॅडल दाबलं की ऑइल ढकलतो तो) टाकीकडचं बारीक भोक सीलच्या मागे जातं आणि पाइपातून ऑइल गळत बसत नाही. मात्र ब्रेकलाइट चालू राहतात, त्यामुळे बॅटरीची वायर काढून ठेवायची. गाडीच्या रंगावर ऑइलचा थेंब पडला तर लगेच भरपूर पाणी मारायचं, नाहीतर रंग उठतो.

सील बांबूच्या काडीने काढलं, लोखंडी टोचणी खाचेला लावायची नाही. पिस्टनवर डस्ट कव्हरच्या बाजूला गंजाचे बारीक ठिपके आहेत पण सील घासतं तो भाग गुळगुळीत. चालेल.

कॅलिपर साबणाच्या गरम पाण्याने धुतला, ब्रशने, मग उन्हात. ब्रेक क्लीनरचा स्प्रे मुद्दाम नाही वापरला. काही क्लीनरमध्ये क्लोरीनवालं सॉल्व्हंट असतं आणि ते तापलं की फॉस्जीन तयार होतो, पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला तोच वायू. क्लोरीन नसलेला असला तरी तो पेट घेतो. आच द्यायची असेल तर साबण आणि पाणीच.

१३ नोव्हेंबर, बुधवार

गल्लीत तुळशीच्या लग्नांची गडबड, संध्याकाळी थोडाच वेळ मिळाला. रविवारपासून रोज रात्री निपलच्या भोकात आणि कडेने रस्टोलीन (गंज सोडवायचं तेल) सोडतोय आणि पितळी ड्रिफ्ट ठेवून हलके ठोके मारतोय. ठोके महत्त्वाचे, नुसतं तेल ओतून गंजाच्या आत जात नाही. रबर आत असताना हे असलं तेल कॅलिपरमध्ये अजिबात सोडायचं नाही, ब्रेकचं रबर पेट्रोलियम तेलाने फुगतं आणि मग पिस्टन अडकतो. इथे सगळं रबर बाहेर आहे आणि नवीन सील किट येणार आहे म्हणून चाललं.

आज गाडीवरचं उजवं निपल काढलं, नमुना म्हणून. त्यालाही बारा कोनी रिंग पाना लावला नाही, सहा कोनी सॉकेट, आणि निपलच्या भोकात बरोबर बसेल अशा ड्रिल बिटची दांडी आत सरकवून ठेवली. पोकळ असल्यामुळे पिळ पडला की निपल आत दबतं आणि मग तुटतं, दांडी असली की दबत नाही. डोक्यावर चार ठोके, आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या. कुरकुरलं आणि सुटलं. टोपी असली की किती फरक पडतो बघा, एकाच गाडीचं, एकाच वयाचं निपल.

मोजलं: ८ मिमी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५, आतलं भोक ३ मिमीच्या आसपास. भोक कुठे संपतं आणि शंकू कुठे सुरू होतो ते व्हर्नियरने नीट घेऊन वहीत लिहिलं. ड्रिल करायची वेळ आली तर कुठे थांबायचं ते याच आकड्यावरून कळणार.

१६ नोव्हेंबर, शनिवार

शेजारचे आप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून टर्नर म्हणून रिटायर झालेत. कॅलिपर घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, निपलच्या तोंडाशी नख फिरवलं आणि विचारलं, "इझी आउट घातला नाहीस ना?"

"नाही आप्पा, आधी तुम्हाला दाखवायचं होतं."

"मग ठीक. तो पेटीतच ठेव. पातळ नळी आहे ही, त्यात पाचर ठोकलीस तर नळी फुगते आणि आट्यांना अजून घट्ट धरते. आणि आत मोडला तर त्याला बिट लागत नाही, मग बस रडत."

हे अगदी खरं आहे. निमुळता इझी आउट, म्हणजे तुटका बोल्ट काढायला भोकात उलटा पिळायचा स्क्रू, भरीव बोल्टला ठीक, पोकळ निपलला तो उलटं काम करतो. आप्पांचं म्हणणं, आधी नट वेल्ड करून बघायचा, कारण त्यात ओढही मिळते आणि आचही बरोबर निपललाच लागते. वेल्डिंगचा मळ आत सीटवर पडेल का ही माझी शंका होती. त्यांनी उजवं निपल हातात घेतलं, भोकात तार घालून दाखवली, तार टोकाला अडते. वरून जे पडेल ते निपलच्याच पोटात राहणार.

दुपारी दोघं मिरजोळे एमआयडीसीत गेलो. तिथल्या ओळखीच्या वेल्डरकडे सीओटू वेल्डिंग मशीन आहे, साध्या काडीपेक्षा त्यात टिपका नेमका देता येतो. बोअरमध्ये, म्हणजे पिस्टनच्या पोकळीत, ओलं फडकं कोंबलं, बाजूला जाड पत्र्याची आड. त्याने आधी निपलच्या काठावर टिपका टाकला, त्यावर दुसरा, असा वर उंचवटा आणला, मग १० चा नट ठेवून आतून भरला. लाली गेल्यावर मी कडेला मेणबत्ती टेकवली, मेण पाण्यासारखं पातळ होऊन आट्यांत ओढलं गेलं. मग पाना. जोर लावायचा नाही, मागे-पुढे, मागे-पुढे. पहिले एक-दोन नट टिपक्यासकट सुटून आले, ते अपेक्षितच होतं, प्रत्येक वेळी आच मात्र आत पोचत होती. त्यानंतर एकदा पान्याला ते जाणवलं. आवाज नाही, नुसता हाताला एक दाणेदार सैलपणा, आणि निपलच्या कडेने तांबडी पूड वर आली. पाव वळसा फिरलं असेल. आप्पा म्हणाले "थांब, आता परत आवळ थोडं", आवळलं, सोडलं, परत पाव वळसा, आणि मग भिंतच फाटली. वरचा भाग नटाबरोबर आला आणि उरलेलं तीन मिलिमीटर खाली राहिलं. त्या खोलीवर परत वेल्डिंग करायचं तर टिपका कॅलिपरच्या आट्यांना चिकटणार. तिथे थांबलो.

पाव वळसा वाया गेलेला नाही. शंकू सीटवरून उचलला गेलाय, म्हणजे ड्रिलचा दाब आता थेट सीटवर जाणार नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस उभ्या ड्रिल मशीनचा. आप्पांच्या एका जुन्या शिष्याचं लेथचं दुकान आहे, रविवारी बंद असतं, आमच्यासाठी उघडलं.

सगळ्यात जास्त वेळ कॅलिपर बांधण्यात गेला आणि तो जायलाच हवा. व्हाइसमध्ये धरून निपलच्या भोकात ३ मिमीची सरळ दांडी उभी केली, मग दोन बाजूंनी गुण्या लावून ती स्पिंडलच्या बरोबर रेषेत येईपर्यंत खाली पत्र्याच्या पट्ट्या सारत बसलो. निपलचं स्वतःचं भोक हा सगळ्यात मोठा फायदा, मध्य आयता मिळतो, सेंटर पंच मारावा लागत नाही. खोलीचा स्टॉप बुधवारच्या मापावर लावला, त्यातून अर्धा मिलिमीटर अजून कमी केला.

४, मग ५, मग ६, मग ६.५. सगळं कमी स्पीडवर, प्रत्येक बिटनंतर कीस फुंकून टाकायचा, कटिंग ऑइलचे दोन थेंब. या मापाच्या आट्यांना टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारायच्या आधी ६.८ चं भोक पाडतात, म्हणजे ६.५ पर्यंत गेलो आणि मध्यावर राहिलो तर कॅलिपरच्या आट्यांना बिट लागत नाही. शेवटच्या बिटच्या वेळी एका बाजूला आट्यांच्या वळ्या चमकायला लागल्या, दुसऱ्या बाजूला नाही, म्हणजे केसभर तिरकं. तिथेच बंद केलं.

आता उरली होती आट्यांत अडकलेली पातळ सालपट. टोचणीला धार लावून तिचं टोक आतल्या बाजूला दुमडलं, चिमट्याने धरलं आणि ओढलं. स्प्रिंगसारखी गुंडाळी हळूहळू बाहेर यायला लागली, मध्येच तुटली, परत टोचणी, परत चिमटा. आप्पा बॅटरी धरून उभे, काही बोलत नव्हते. शेवटचा तुकडा आल्यावर तळाशी फक्त निपलचं टोक राहिलं, सुटं, पण गंजाने चिकटलेलं. त्याला वरून हात लावला नाही. बोअरच्या आतून ऑइलचा जो मार्ग वर येतो त्यात सायकलच्या स्पोकचा तुकडा घातला आणि खालून हलकेच ढकललं. टोक उडून टेबलावर पडलं.

बॅटरी आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा घेऊन आत पाहिलं. काळ्या भोकाच्या तळाशी एक बारीक चकचकीत कडं, पूर्ण गोल, कुठे तुटक नाही. सीट वाचली.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी मतदान करून आलो आणि आटे साफ करायला बसलो.

बाजारातला टॅप सरळ घालायला मी तयार नव्हतो. सेटमधल्या पहिल्या टॅपचं टोक निमुळतं लांब असतं, आटे साफ व्हायच्या आधी ते सीटवर आदळेल. तिसरा टॅप तळापर्यंत कापतो पण सुरुवात धरत नाही. आप्पांचा उपाय फार आवडला: उजव्या बाजूचं जुनं निपल घेतलं, त्याचा शंकू ग्राइंडरवर घासून टाकला, आणि आट्यांवर हॅक्सॉ ब्लेडने तीन उभ्या खाचा पाडल्या. झाला साफ करायचा टॅप, पिच तोच, लांबी तीच, आणि सीटला लागणारं टोकच नाही. खाचांत ग्रीस भरलं म्हणजे कीस त्यात धरला जातो. अर्धा वळसा पुढे, पाव मागे, काढून पुसायचं, परत ग्रीस. ज्या बाजूला बिट थोडं लागलं होतं तिथे आटे वरच्या कडेला किंचित बसके आहेत, बाकी भरलेले.

मग नवीन निपलच्या शंकूला निळा रंग लावला, तो प्रशियन ब्लू, फिटर लोक वापरतात तो, आणि बोटांनीच हलकं बसवून काढलं. शंकूवर पूर्ण गोल रेष. परत पुसून परत केलं, तसंच. ही खात्री झाल्यावरच सील किटची पुडी फोडली.

ज्यांचे आटे पूर्ण गेलेत ते हेलिकॉइल (आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवतात, मोठ्या मापाचं निपलही घालतात. सीट चांगली असेल तर तत्त्वतः चालतं, पण माझ्यावर ती वेळ आली असती तर मी नवा कॅलिपरच घेतला असता. आत एम-सील, टेफ्लॉन टेप, झाळकाम असलं काही करून वेळ मारून नेणाऱ्याने स्वतःची माणसं त्या गाडीत बसवून घाट उतरून बघावा.

२४ नोव्हेंबर, रविवार

जोडणी. बोअर आणि सगळे मार्ग आधी साबणाने, मग ब्रेक क्लीनरने धुतले (आता आच नाही म्हणून), हवेने फुंकले. कीसाचा एक कण राहिला तर तो सीलवर जाणार. सील आणि पिस्टनला ताजं ब्रेक ऑइल लावून पिस्टन हाताच्या अंगठ्यांनी सरळ आत. स्लाइड पिनांना (ज्यांवर कॅलिपर सरकतो) सिलिकॉन ग्रीस. बँजोला दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर, जुने परत वापरत नाही. चारही चाकांना नवी निपलं आणि चारही टोप्या, मागच्या ड्रमची निपलं आच आणि ठोके देऊन नशिबाने सुटली. टोपी ही गाडीतली सगळ्यात स्वस्त वस्तू असेल, पण ती नसली की वरून पाणी पोकळीत साचतं आणि आतूनच गंज धरतो.

निपलच्या वरच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात, शंकूला काही नाही. आवळताना आठ-दहा न्यूटन-मीटर, म्हणजे लहान पाना आणि मनगट एवढंच. गळतंय म्हणून दांडा लावून आवळणं हेच पुढच्या तुटण्याचं कारण असतं.

हवा काढताना मुलगी पॅडलवर, मी खाली. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला, कारण जुन्या मास्टर सिलेंडरमध्ये जो भाग रोज वापरात नसतो तिथे गंज असतो, पॅडल तळापर्यंत दाबलं तर सील त्यावरून घासतं. मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पारदर्शक नळी, बाटलीत तळाला थोडं ऑइल. "दाब." "बाबा, दाबलंय." सोडवलं, बुडबुडे. "आता खाली गेलं." आवळलं. "सोड." पुढच्या डाव्या चाकाला आधी काळं, मग बुडबुड्यांचा लांबच लांब पट्टा, मग पिवळसर स्वच्छ. इतकी वर्षं तिथे अडकलेली हवा ती. टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, दर थोड्या वेळाने भरत राहायची.

ऑइल डॉट ४ घातलं, सीलबंद बाटलीतलं. डॉट ३ नवं असताना २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ २३० ला, पण दोन्ही हवेतलं पाणी ओढून घेतात आणि ३.७ टक्के पाणी झालं की तेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. आमच्या इथल्या दमट हवेत ते लवकर होतं. घाटात डिस्क तापली की ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल तळाला. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी उभी असली तरी. आणि बदलताना निपल उघडावंच लागतं, त्यामुळे ते जखडतही नाही.

शेवटी इंजिन चालू करून मुलीने दोन्ही पायांनी पॅडल दाबून धरलं, मी कोरड्या टिश्यूने निपलच्या बुडाला पुसत बसलो. पूर्ण कोरडं.

१ डिसेंबर, रविवार

आठवडाभर गावात सावकाश चालवली, रोज सकाळी खाली वर्तमानपत्राचा कागद बघितला, डाग नाही. आज आप्पांना घेऊन हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढलो, वर चहा घेतला आणि मुद्दाम दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलो, मध्ये मध्ये ब्रेक नेहमीपेक्षा जास्त वापरत. पॅडल वरून खालपर्यंत एकसारखं कडक. खाली आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात धरला, ऊब सारखीच, म्हणजे डावा पिस्टन अडकत नाही. गाडी एका बाजूला ओढत नाही.

घरी येऊन चाक काढलं, टोपी काढली, निपल कोरडं. मामांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले "मला वाटायचं पॅडल माझ्याच पायामुळे मऊ लागतं". त्यांना एम-सीलचंही सगळं सांगितलं.

उरलेलं काम: हँडब्रेकची केबल बदलायची, मागच्या ड्रमचे लायनर अजून चालतील पण डाव्या व्हील सिलेंडरचं डस्ट कव्हर फाटलंय, ते जानेवारीत. पुढच्या पावसाळ्याआधी चारही टोप्या तपासायच्या.